दूरच्या बेटावर जाण्यापूर्वी

मागच्या सोमवारी रात्री दवाखाना बंद करायच्या वेळेला एक काका आणि काकू आले. मुलुंडचेच रहिवासी, माझे जुने रुग्ण. काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, "डॉक्टर, तपासायला नको, फक्त सही हवी आहे. प्रवासाला हरकत नाही, एवढंच लिहा."

मी विचारले, "कुठे निघालात?"

काकू म्हणाल्या, "मॉरिशसला. तिथे आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे, त्यांनी गणपतीला बोलावलंय. आणि तिथून पुढे रॉड्रिग्ज म्हणून एक लहान बेट आहे, तिकडेही चार दिवस."

मी हातातले पेन खाली ठेवले. काकांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे, आणि गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. मी म्हटले, "सही देतो, पण आज नाही. उद्या सगळी औषधं घेऊन या. पाऊण तास काढून या."

काका थोडे नाराज झाले. सहीला पाऊण तास कशाला, असे त्यांना वाटले असावे. त्याचे कारण मी त्यांना सांगितले, तेच आज वाचकांनाही सांगतो.

एका सहीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय सदुसष्ट. मधुमेह, रक्तदाब, आणि स्टेंट घालून जेमतेम सहा महिने झालेले. तेही मॉरिशस आणि रॉड्रिग्जलाच निघाले होते. दवाखान्यात गर्दी होती. मी रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली, आणि लेटरहेडवर एका ओळीत लिहून दिले, की हे प्रवासास योग्य आहेत. कुठे जाणार, किती दिवस, औषधे कशी नेणार, यातले काहीही मी विचारले नाही.

मॉरिशसहून रॉड्रिग्जला जाणारे विमान लहान असते आणि त्यात सामानाची मर्यादा कमी. म्हणून त्यांनी मोठी बॅग यजमानांच्या घरी ठेवली आणि तीन दिवसांपुरते सामान बरोबर घेतले. जादा औषधे आणि इन्शुलिनचे दुसरे पेन त्या मोठ्या बॅगेत राहिले. फेब्रुवारीचा महिना होता. तिसऱ्या दिवशी चक्रीवादळाचा इशारा आला आणि विमाने बंद झाली. तीन दिवसांचे सहा दिवस झाले.

गोळ्या संपल्या, इन्शुलिन संपले. दोन दिवस त्यांनी "उद्या विमान सुटेलच" म्हणून काढले. नंतर छाती जड वाटू लागली, साखर चारशेच्या वर गेली, तेव्हा तिथल्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, की हे कोणती औषधे घेतात? वहिनींनी गोळ्यांची डबी पुढे केली. सात वारांची, सात खणांची, आणि रिकामी. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरल्यामुळे नाव कुठेच नव्हते. "एक लहान पांढरी आणि एक गुलाबी," एवढेच त्या सांगू शकल्या. माझे पत्र त्यांनी दाखवले. त्यात एक ओळ होती आणि खाली माझी सही.

आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते तेव्हा मला फोन आला. मी दवाखाना उघडला, त्यांचा केसपेपर शोधला आणि एकेका औषधाचे मूळ नाव फोनवर सांगितले. पलीकडच्या डॉक्टरांनी ते शांतपणे लिहून घेतले. त्या रात्री उपचार नीट झाले, तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ मॉरिशसला परतले, आजही ठणठणीत आहेत. पण स्टेंट नवा असताना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दोन दिवस चुकणे म्हणजे काय, हे मला माहीत होते. स्टेंटमध्ये गुठळी झाली असती तर पुढचे सांगायला नको. चूक त्यांची नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम माझे होते.

तेव्हापासून मी "प्रवासास योग्य" अशी एका ओळीची चिठ्ठी कोणालाही देत नाही.

ही बेटे आहेत कुठे?

मॉरिशस म्हणजे एकच बेट, असा आपला समज असतो. खरे तर तो बेटांचा समूह आहे. मॉरिशस हे मोठे बेट, त्याच्या पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर रॉड्रिग्ज, उत्तरेला अगालेगा आणि ईशान्येला सेंट ब्रँडनचे ठिपके. मुंबईहून मॉरिशसला थेट विमानाने सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. तिथून रॉड्रिग्जला आणखी सुमारे दीड तास. रॉड्रिग्जचे क्षेत्रफळ अवघे १०८ चौरस किलोमीटर आणि वस्ती चाळीस हजारांहून थोडी अधिक.

१७१५ ते १८१० या काळात तिथे फ्रेंचांचे राज्य होते. पुढे इंग्रज आले, पण लोकांची भाषा बदलली नाही. आजही वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंच, आणि घरात, बाजारात बोलली जाते ती फ्रेंचमधून तयार झालेली क्रिओल. सरकारी कामकाजात इंग्रजी चालते.

आपले आणि या बेटांचे नाते जुने आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आणि घाटावरची हजारो माणसे होती. त्यांचे वंशज आज तिथले नागरिक आहेत. त्यांच्या घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकवली जाते, कोकणातल्या जाखडीची 'झाकरी' तिथे अजून नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. म्हणूनच आपल्याकडची अनेक मंडळी तिकडे हौसेने जातात. जावेही. पोर्ट लुई येथे हे मजूर ज्या धक्क्यावर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे जुन्या इमारतींच्या अवशेषांत रुग्णालयाचा भागही आहे. दीडशे वर्षांपूर्वीही बेटावर पाऊल ठेवण्याआधी माणसाच्या प्रकृतीचा विचार होत असे, हे तिथे दिसते.

आता मुद्द्याकडे येऊ. मुलुंडमध्ये औषध संपले तर खाली उतरून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणता येते. तो नसला तर पलीकडचा, नाही तर भांडुप, नाही तर ठाणे. समुद्रातल्या लहान बेटावर "पलीकडचा" नसतो. जे बरोबर नेले नाही ते तिथे मिळेलच असे नाही, आणि वादळ आले की आणायला जाणेही बंद. रॉड्रिग्जला रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत. पण हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला विमानाने मॉरिशसलाच न्यावे लागते. म्हणून अशा प्रवासाची तयारी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीने नव्हे, औषधांच्या पिशवीने सुरू करावी.

जावे केव्हा?

ही बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उष्ण, दमट आणि चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर हवा थंड आणि कोरडी. आपल्याकडे मे महिन्याच्या किंवा नाताळच्या सुट्टीत फिरायला जायची पद्धत आहे. नाताळची सुट्टी नेमकी वादळांच्या मोसमात येते. वादळाच्या इशाऱ्यांचे तिथे एक ते चार असे वर्ग असतात. इशारा वाढत गेला की शाळा, बससेवा, विमाने बंद होतात आणि लोक घरात थांबतात. मार्च २०१९ मध्ये जोआनिन्हा नावाचे वादळ रॉड्रिग्जच्या अगदी जवळून गेले होते.

तरुण, निरोगी माणसाला अशा वेळी चार दिवस अडकण्याचा त्रास होईल, धोका होणार नाही. पण इन्शुलिनवर असलेल्या, डायलिसिस चालू असलेल्या किंवा नुकताच हृदयविकार होऊन गेलेल्या माणसाने वादळांचा मोसम टाळलेलाच बरा. गणपतीचे दिवस, म्हणजे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर, या दृष्टीने चांगले. मात्र तेव्हा तिकडे थंडीचा शेवट आणि फ्ल्यूचा काळ असतो. साठी उलटलेल्यांनी, दमेकऱ्यांनी आणि मधुमेहींनी निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे फ्ल्यूची लस घ्यावी. बरोबर एक स्वेटर असावा.

विमानात बसण्याआधी

विमान छत्तीस हजार फुटांवर उडते, पण आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर सुमारे ५४०० फूट. म्हणजे विमानात आपण सहा तास कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. ज्याचे हृदय किंवा फुप्फुस कमजोर आहे, ज्याचे हिमोग्लोबिन फार खाली आहे, त्याला जाणवते.

एक सोपी चाचणी घरीच करून पाहा. सपाट रस्त्यावर शंभर पावले न थांबता चाला आणि एक मजला जिना चढा. छातीत न दुखता, धाप न लागता हे जमले तर बहुधा विमान झेपेल. न जमल्यास आधी डॉक्टरांना दाखवा. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास नुकतीच झाली असेल तर किती दिवसांनी उडायचे हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचे. शेजाऱ्याला आठ दिवसांत परवानगी मिळाली म्हणून तुम्हालाही मिळेल असे नाही.

प्रवासात दर तासाला उठून चालावे. उठणे शक्य नसेल तर बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत, पोटऱ्या ताणाव्यात. पाणी प्यावे, फुकट मिळते म्हणून मद्य पिऊ नये. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवल्याने पोटरीच्या नसेत रक्ताची गुठळी होऊ शकते. परतल्यावर एकाच पायाला सूज आली, दुखले, किंवा एकाएकी दम लागला तर थांबू नये.

मॉरिशसचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. एवढ्या फरकासाठी इन्शुलिनच्या वेळापत्रकात सहसा मोठा बदल करावा लागत नाही. पण जेवण उशिरा मिळणार असेल तर जेवणाआधीचे इन्शुलिन ताट समोर आल्यावरच घ्यावे. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटे असावीत.

औषधांची पिशवी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यातला प्रत्येक नियम मी त्या रात्रीच्या फोनवरून शिकलो.

जितके दिवस जाणार त्याच्या दुप्पट दिवसांची औषधे घ्यावीत आणि त्यांचे दोन भाग करावेत. एक नवऱ्याच्या हातातल्या पिशवीत, एक बायकोच्या. मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, औषधे ठेवू नयेत. बॅग हरवू शकते, आणि तिथल्या थंडीत इन्शुलिन गोठू शकते. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरू नये.

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. सात खणांची डबी घरी वापरायला उत्तम, परदेशात नेताना पाकिटेही बरोबर हवीत.

डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेले पत्र घ्यावे. त्यात आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ असावी. मूळ नाव म्हणजे कंपनीने दिलेले नव्हे, औषधाचे शास्त्रीय नाव. आपल्याकडे एकाच औषधाला पन्नास कंपन्यांची पन्नास नावे असतात. ती बाहेरच्या देशातल्या डॉक्टरांना कळत नाहीत. मूळ नाव जगभर सारखे असते. ईसीजीची एक प्रत आणि स्टेंटचे कार्डही सोबत ठेवावे. या सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये असावेत आणि घरी मुलाकडे किंवा सुनेकडेही.

न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजच्या दारात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेले पेन तीस अंशांच्या खाली साधारण चार आठवडे टिकते. फिरताना ते थंड पिशवीत ठेवावे, पण बर्फाला थेट लागू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा वाळूवर ठेवलेल्या पर्समध्ये तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करण्याच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके, कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांबाबत मॉरिशसचे नियम फार कडक आहेत. आपल्याकडे घरोघरी असणारी गोळी तिथे परवानगीशिवाय नेणे हा गुन्हा ठरू शकतो. अशी औषधे घेत असाल तर तिकीट काढतानाच मॉरिशसच्या दूतावासाकडे चौकशी करावी आणि लागणारी परवानगी आधी मिळवावी. शेजारणीने "वाटेत झोप लागेल" म्हणून दिलेली गोळी पर्समध्ये टाकू नये. पुडीत बांधलेली, नाव नसलेली चूर्णेही घरीच राहू द्यावीत.

लस आणि डास

मुंबईहून थेट जाणाऱ्याला पीतज्वराची लस लागत नाही. मात्र केनिया, इथिओपिया अशा देशांत मुक्काम करून जाणार असाल, तर ती लस आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र लागते. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि अधिकृत केंद्रातच मिळते. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्या माणसाने ती घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

हिवतापाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८६६ ते १८६८ या काळात मॉरिशसमध्ये हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसे दगावली. त्यांत आपले मजूरही होते. सिकंदराबादला १८९७ मध्ये डासातला हिवतापाचा जंतू शोधणारे रोनाल्ड रॉस १९०७-०८ मध्ये डासांचा बंदोबस्त कसा करावा हे सांगायला मॉरिशसला गेले होते. पुढे अनेक वर्षांच्या मेहनतीने बेट हिवतापमुक्त झाले आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. १९७५ मध्ये जर्वेज नावाचे चक्रीवादळ आले, पडझड झाली, दुरुस्तीसाठी बाहेरून कामगार आले, आणि त्यांच्यापैकी काहींच्या रक्तातून हिवताप परतला. तो पुन्हा घालवायला दोन दशके लागली. १९९७ नंतर तिथल्या डासातून कोणाला हिवताप झालेला नाही.

म्हणून हिवताप असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांकडे तिथले आरोग्य खाते लक्ष ठेवते. प्रवासाआधी भरायच्या फॉर्ममध्ये प्रकृतीचे प्रश्न असतात आणि पुढे रक्ताचा नमुनाही मागितला जाऊ शकतो. याचा राग मानू नये. पावसाळ्यात आपल्या मुंबईत हिवताप असतो. निघण्यापूर्वी ताप आला असेल तर रक्त तपासूनच निघावे. आपण पाहुणे म्हणून जातो, तेव्हा आपला आजार यजमानांच्या घरी सोडून येऊ नये.

उलट बाजूने, चिकुनगुन्या आणि डेंग्यू तिथे आहेत. शेजारच्या रेयुनियन या फ्रेंच बेटावर २००५-०६ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोक आजारी पडले होते. त्याच २००६ मध्ये आपल्याकडेही सांधे धरलेली माणसे दवाखान्यांतून रांगा लावून बसली होती, हे वाचकांना आठवत असेल. २०२५ मध्ये त्या भागात पुन्हा साथ होती. हा डास दिवसा चावतो. मच्छरदाणीत झोपून भागत नाही. दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम हवे. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी अमुक ठिकाणी जाऊन आलो" हे आपणहून सांगावे.

समुद्र, मासे आणि पाय

तिथला समुद्र निळा आणि प्रवाळाच्या कड्यामुळे शांत असतो. मधुमेहींनी मात्र एक नियम कधीही मोडू नये. अनवाणी चालायचे नाही, वाळूत नाही आणि पाण्यात तर नाहीच. पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाला तापलेली वाळू भाजल्याचे कळत नाही. प्रवाळाचा ओरखडा लवकर चिघळतो. उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी मासा, म्हणजे स्टोनफिश, पायाखाली येऊ शकतो. रबरी तळव्याचे बूट घालूनच उतरावे. असा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. मधुमेहीच्या बाबतीत पाणी किती गरम आहे हे त्याच्या पायाने नव्हे, दुसऱ्याच्या हाताने पाहावे. नाही तर काट्याच्या जोडीला भाजल्याची जखम होते.

आपण कोकणी माणसे, मासे खाल्ल्याशिवाय राहणार नाही. पण प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत कधी कधी एक विष साठलेले असते. ते शिजवून किंवा तळून जात नाही, आणि मासा ताजा असला तरी असते. उलट्या-जुलाब होऊन नंतर ओठांना, हातांना मुंग्या येतात, गार वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. म्हणून किनाऱ्यावर कोणी स्वस्तात दिलेला मोठा मासा घेऊ नये. यजमानांना विचारून खावे. स्थानिकांना कोणता मासा टाळायचा ते ठाऊक असते.

पाण्याखाली खोल बुडी मारण्याचा खेळ हृदयरोग्यांसाठी नाही. तरुणांनी केला तर त्यानंतर चोवीस तास विमानात बसू नये.

जेवणाबद्दलही दोन शब्द. तिथे हातगाडीवर मिळणारी 'धोल पुरी' म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण. डाळ भरलेली, आणि एका वेळी दोन देतात. जोडीला फ्रेंच पद्धतीचा पांढरा पाव, साखरेचे गोड पदार्थ आणि यजमानांचा आग्रह. मॉरिशसमध्ये आज पाचांतल्या सुमारे एका प्रौढाला मधुमेह आहे, म्हणून तुमचे यजमान "नको" म्हटल्याचा अर्थ पटकन समजतील. त्या सरकारने १९८७ मध्ये रेशनचे पामतेल बदलून सोयाबीनचे तेल दिले आणि पाच वर्षांत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल बरेच खाली आले. लहान बेटाकडून आपणही शिकण्यासारखे आहे.

चार शब्द आणि एक पॉलिसी

डॉक्टरांशी इंग्रजीत बोलता येते. पण रस्त्यावर, बसमध्ये, लहान दुकानात क्रिओलची चार वाक्ये उपयोगी पडतात. ती कागदावर लिहून खिशात ठेवा. 'मो मालाद' म्हणजे मी आजारी आहे. 'मो एना दियाबेत' म्हणजे मला मधुमेह आहे. 'मो बिझे दोक्तेर' म्हणजे मला डॉक्टर हवा. 'कोत लोपिताल एते?' म्हणजे रुग्णालय कुठे आहे? रुग्णवाहिकेसाठी तिथला क्रमांक ११४.

प्रवास विमा काढावाच. मात्र फॉर्ममध्ये मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी लपवू नये. हप्ता थोडा कमी करण्यासाठी लपवलेला आजार नेमका दावा करताना बाहेर येतो आणि पैसे मिळत नाहीत. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च पॉलिसीत धरला आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. रॉड्रिग्जला जाणाऱ्यासाठी तो सगळ्यांत महत्त्वाचा रकाना आहे.

काका-काकू मंगळवारी परत आले. काकांच्या हातात औषधांची प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात झोपेच्या गोळ्यांचे एक पाकीटही निघाले, कोणी दिलेले, काकांना आठवेना. ते मी बाजूला काढले. काका दोन मजले चढून आले होते, दम लागला नव्हता. ईसीजी नीट होता. तरी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून विचारले. पत्र दीड पानांचे झाले. काकूंनी त्याच्या तीन प्रती काढायला सांगितल्या.

जाताना काका म्हणाले, "डॉक्टर, एका सहीसाठी तुम्ही फार त्रास घेतलात."

मी म्हटले, "काका, मागे एकदा घेतला नव्हता."

काकूंनी मला गणपतीचा प्रसाद आणायचे कबूल केले आहे. माझी अट एवढीच, की काकांनी रॉड्रिग्जला पोहोचल्यावर मला फोन करून सांगायचे, की औषधांच्या दोन्ही पिशव्या हातात आहेत.